मग आलात कशाला?

पत्र: अकरा वर्षं न्यू जर्सीत काढून गेल्या जूनमध्ये आम्ही कोथरूडला राहायला आलो. सासू-सासऱ्यांचीच सोसायटी, सोळा फ्लॅटची. ते पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या, वर थेट गच्ची. मी मूळची साताऱ्याची. लग्नाआधी दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, ती होस्टेलवर राहून. नवरा तिकडच्याच कंपनीचं काम घरून करतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच, दोघांचा जन्म तिकडचा. आठ महिने झाले, तरी दिवसातून दहा वेळा 'तिकडे असं नव्हतं' तोंडातून निघतंच. इथे घेतलेलं वॉशिंग मशीन मधेच थांबतं, तिकडून आणलेला मायक्रोवेव्ह घूं घूं करून बंद पडला, प्लंबर 'येतो' म्हणतो आणि येत नाही, एका कागदासाठी तीन खेपा. नवरा माझ्याहून जास्त चिडतो. परवा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, 'मग आलात कशाला?' तेव्हापासून धड बोलणं नाही. ही तुलना डोक्यातून काढायची कशी?

उत्तर:

ताई, तुलना डोक्यातून काढायच्या नादी लागू नका. अकरा वर्षांची सवय आठ महिन्यांत पुसली जात नाही. फक्त तुम्ही कशाची कशाशी तुलना करताय, ते एकदा बघा. साताऱ्याला घर आईवडील चालवत होते, पुण्यात होस्टेल होतं आणि तिथून थेट न्यू जर्सी. म्हणजे भारतात स्वतःचं घर चालवायची वेळ तुमच्यावर आत्ता पहिल्यांदा आलीय. टाकी कधी भरते, सिलिंडर कधी नोंदवायचा, कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, हे तुमच्या लहानपणी कुणीतरी परस्पर करत होतं. तिकडचं घर मात्र तुम्ही स्वतः लावलं होतं आणि ते लागेपर्यंतचं पहिलं वर्ष आता विसरलाय. न्यू जर्सीत गाडीच्या लायसन्ससाठी एकूण 'सहा पॉइंट' भरतील इतकी ओळखपत्रं गोळा करताना किती खेपा झाल्या होत्या, आठवून बघा.

तेव्हा आधी इथलं घर लावून घेऊ. सुरुवात वॉशिंग मशीनपासून, कारण रोजच्या चिडचिडीतली मोठी चिडचिड तीच दिसते.

तिकडे नळाला साधारण तीन-चार बार दाब असायचा, तो शहराच्या पाइपातूनच यायचा. इथे पाणी महापालिकेकडून खालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून नुसत्या उतारावर तुमच्या नळाला येतं. दहा मीटर उंचीमागे एक बार, हे गणित. तळमजल्याला बरं पाणी मिळतं, पण तुम्ही गच्चीच्या लगेच खाली. टाकीतलं पाणी आणि मशीनचा नळ यांत जेमतेम अडीच मीटर अंतर असणार, म्हणजे पाव बार. बऱ्याच फ्रंटलोड मशीनना किमान अर्धा बार लागतो. तेवढा मिळाला नाही की ठरलेल्या वेळात ड्रम भरत नाही आणि मशीन एरर दाखवून थांबतं. मशीन चांगलंच असणार. सर्व्हिसवाला येऊन 'मशीन ओके' म्हणून गेला असेल तर तो खोटं बोलला नाही.

दुरुस्ती क्रमाने करा. मशीनचा नळ बंद करून मागची इनलेट नळी फिरवून काढा. तिच्या तोंडाशी, मशीनच्या आत, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. ती बारीक पकडीने ओढून टूथब्रशने धुवा. टाकीच्या तळाची रेती तिथेच येऊन बसते. मग नळ पूर्ण उघडून दहा लिटरची बादली लावा. ती भरायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर दाबच कमी आहे, जाळी कितीही धुतली तरी उपयोग नाही. अशा वेळी गच्चीच्या टाकीतून तुमच्याकडे येणाऱ्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवतात. त्याला सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. आणि कुणी 'खालच्या महापालिकेच्या नळालाच मोटर लावून देतो' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते बेकायदा आहे, शिवाय शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं.

पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की तो वार बहुधा गुरुवार असतो, आणि शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येतं. बातमी आदल्या एक-दोन दिवसांत पेपरात येते. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की पाइपात हवा अडकते आणि नळ फुर्रफुर्र करतो. तेव्हा गरम पाण्याचा नळ सलग धार देईपर्यंत गीझर लावू नका. कोरड्या टाकीत कॉइल जळते. सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीवरच्या टाकीची क्षमताही विचारा. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी रोज १३५ लिटर धरून करतात. सोळा घरं, घरात चार माणसं, म्हणजे दिवसाला साधारण ८,६०० लिटर. टाकी त्याहून लहान असेल तर पंप दिवसातून दोनदा चालवावा लागतो, आणि तो कोण, किती वाजता लावतो, हे तुम्हाला ठाऊक हवं.

आता मायक्रोवेव्ह. तुम्ही ट्रान्सफॉर्मर लावला होता, असं धरून चालतो. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११०-१२० करतो, पण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लहरींची, आणि तिकडची ६० हर्ट्झची, तो फरक तसाच राहतो. मायक्रोवेव्हच्या पोटातला जड ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बांधलेला असतो. ५० वर त्याचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब होतो, करंट वाढतो, तो घुमायला आणि तापायला लागतो. तुम्ही ऐकलेलं घूं घूं ते हेच. आधी त्याचं घड्याळही मागे पडत असेल. विजेच्या लहरी मोजणारं घड्याळ इथे तासाभरात पन्नास मिनिटंच पुढे सरकतं. दुरुस्तीत पैसे घालू नका. आणि घरी उघडू तर मुळीच नका, कारण आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो.

बाकीच्या सामानाची निवड एका संध्याकाळात होईल. प्रत्येक वस्तूच्या मागचं लेबल वाचा. '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं सगळं, म्हणजे लॅपटॉप-मोबाइल-कॅमेऱ्याचे चार्जर, नुसता पिन बदलून चालेल. 'फक्त १२० व्होल्ट' असलेली आणि निव्वळ तापणारी वस्तू, जसं बटणाचा साधा राइस कुकर, ट्रान्सफॉर्मरवर चालते. ट्रान्सफॉर्मर वस्तूच्या वॅटच्या दीडपट तरी हवा. विजेच्या लहरींच्या तालावर फिरणाऱ्या मोटरच्या वस्तू, जसा टेबल फॅन, इथे हळू फिरतात आणि जास्त तापतात. त्या काढून टाका. हेअर ड्रायरचा मोह नकोच. १२० व्होल्टचा १,५०० वॅटचा ड्रायर चुकून थेट २३० ला लागला तर साडेपाच हजार वॅट ओढायला बघतो, आणि ज्याच्या हातात असेल त्याच्या हातातच जळतो.

वीज जाण्यावरही एक छोटा उपाय आहे, तो तुमच्या यजमानांसाठी. इन्व्हर्टरची बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची. प्रत्यक्षात तीनशे वॅटच्या लोडवर चार तासांच्या आसपास धरा. दोन पंखे, चार दिवे, लॅपटॉप, एवढंच त्यावर टाका. राउटरला वेगळा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावा, म्हणजे वीज गेली तरी मीटिंग तुटणार नाही. ट्युब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर दर दोन-तीन महिन्यांनी बघायचं असतं, हे दुकानदार सांगतो आणि आपण विसरतो.

यजमानांच्या चिडण्याचं कारण आम्हाला विजेत किंवा पाण्यात कमी आणि घड्याळात जास्त दिसतं. तिथले सकाळचे दहा म्हणजे सध्या आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. येत्या मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ पुढे गेलं की साडेसात होतील, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेआठ. रात्री साडेबारापर्यंत मीटिंगा करणाऱ्या माणसाला सकाळी सातला कचरेवाल्याची घंटा ऐकू आली की त्याला देशाचाच राग येतो. त्यांनी टीमशी बोलून मीटिंगा तिथल्या सकाळी आठ ते साडेदहात बसवून घ्याव्यात. आत्ता ते इथले साडेसहा ते नऊ, मार्चनंतर साडेपाच ते आठ. आठवड्यातल्या दोन रात्री पूर्ण मोकळ्या मागाव्यात. हे आधी करा, मग त्यांच्या स्वभावाचा विचार करू.

तीन खेपांचं काय? त्यातल्या दोन खेपा अटळ आहेत, हे मान्यच करा. तिसरी वाचते. पहिल्या खेपेला काम होईल या आशेने जाऊच नका, माहिती काढायला जा, आणि चार प्रश्न विचारा: एकूण कुठले कागद, मूळ प्रत दाखवायची की जमा करायची, सही करणारे साहेब कोणत्या वारी कोणत्या वेळी असतात, आणि हीच खिडकी का? उत्तरं समोरच्यासमोर कागदावर लिहून त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवलं की एखादा राहिलेला कागद त्यांनाच आठवतो. दुसऱ्या खेपेला सगळ्याच्या सही केलेल्या दोन-दोन झेरॉक्स, निळं बॉलपेन, गोंदाची कांडी आणि पासपोर्ट साइज फोटो. तिकडचे दोन इंची चौकोनी फोटो इथे चालत नाहीत, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे काढा. लॅपटॉपमधली पानाची साइजही 'लेटर'वरून 'ए-फोर' करा. लेटर अठरा मिलिमीटरने आखूड असतं, आणि उलटसुलट छापताना कडेचा मजकूर, बहुधा नेमका शिक्का, कापला जातो.

तारखांचा घोळ त्याहून महागात पडतो. मुलांच्या लसीकरणाच्या कागदावरचा ०३/०४ म्हणजे तिकडे ४ मार्च, आणि इथल्या डॉक्टरांच्या डोळ्यांना ३ एप्रिल. सगळ्या तारखा महिन्याचं नाव अक्षरात घालून एका पानावर लिहून काढा आणि तेच पान बालरोगतज्ज्ञांना द्या. टायफॉइडची लस तिकडच्या नेहमीच्या वेळापत्रकात नसते, बीसीजी तर नसतेच. दोन्हींबद्दल विचारा, धाकट्याच्या बाबतीत लवकर.

मुलांचे पासपोर्ट अमेरिकी आणि सोबत ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, असेल, तर आधारसाठी मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. आठ महिने झाले, म्हणजे ते भरले. आता अर्ज करता येईल. तुम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय असतील तर तुम्हाला ही अट नव्हतीच. पासपोर्ट, आधार, पॅन आणि बँक या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग आणि आडनाव एकच आहे ना, ते आज रात्री टेबलावर मांडून बघा. लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आणि नंतरचं तीन कागदांवर, हे तिसऱ्या खेपेचं सर्वांत नेहमीचं कारण.

पैशांचं थोडक्यात. कायमचं राहायला आलात म्हणजे एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं तसंच ठेवता येत नाही. ते साध्या निवासी किंवा आरएफसी, म्हणजे परतलेल्यांच्या परकीय चलनातल्या, खात्यात बदलून घ्या. बँक आपणहून विचारेल, याची वाट बघू नका. अकरा वर्षांनंतर परतलेल्याला पहिली दोन आर्थिक वर्षं 'सामान्यतः निवासी नसलेला निवासी' हा दर्जा मिळतो. मधल्या वर्षांतल्या भारतवाऱ्या अगदी कमी असतील तर तिसरंही. त्या काळात तिकडचं व्याज, लाभांश, भाडं इथे करात येत नाही. पण यजमान कोथरूडात बसून करतात त्या कामाचा पगार, कंपनी कुठलीही असो आणि तो कुठल्याही खात्यात जमा होवो, इथे करपात्र आहे. इथेच लोक फसतात. परदेशी उत्पन्नाचं काम नेहमी करणारा सीए गाठा. आरोग्य विमा घेतला नसेल तर याच आठवड्यात घ्या. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपी, थायरॉइड, जे असेल ते फॉर्मवर लिहा.

गाडी चालवत असाल तर दोन गोष्टी. भारतीय लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा चाचणी द्यावी लागते. दुसरी गोष्ट डोळ्यांची: समोरच्याने डिपर मारला की तिकडे 'तुम्ही जा' असं समजायचात, इथे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांबा'. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो. पहिले काही महिने वळताना वायपर फिरणारच, ते सगळ्यांचंच होतं.

प्लंबरला 'किती वाजता येणार?' हा प्रश्न विचारू नका. त्याच्यापाशी त्याचं उत्तर नसतं. आधीच्या घरी पाइप किती कुजलाय, हे त्याला तिथे पोचल्यावर कळतं, आणि 'नाही जमणार' म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. 'येतो'चा अर्थ 'तुमचं काम घेतलं' एवढाच. त्याला सांगा, 'निघालात की फोन करा, मी घरी आहे.' सकाळी नऊच्या आत फोन करा, कारण त्याचा दिवस तेव्हा ठरतो. बिघाडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे वायसर आणायला परत दुकानात जाणं वाचतं. पत्ता देताना विंग, मजला आणि जवळची खूण. आणि हो, मुलांना सांगून ठेवा की इथला पहिला मजला म्हणजे तिकडचा दुसरा. आला की कामाचे पैसे लगेच द्या, नुसतं बघून गेला तरी खेपेचे द्या. पुढच्या वेळी तुमच्या फोनला तो आधी उठतो.

कामाच्या मावशींच्या बाबतीतही आधी बोलून घ्या: कुठली कामं, किती वाजता, महिन्याला भरपगारी सुट्ट्या किती, दिवाळीला काय. दर शेजारी विचारून ठरवा आणि डॉलरमध्ये गुणाकार-भागाकार मनात सुद्धा करू नका. 'किती स्वस्त' म्हणून वाटेल तेव्हा हातावर शंभर-दोनशे टेकवण्यापेक्षा पगार थोडा जास्त आणि सुट्ट्या ठरलेल्या, हे मावशींना जास्त उपयोगाचं असतं.

मुलीच्या मराठीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून तो प्रश्न येणारच. नऊ वर्षांची आहे म्हणून चौथीचं पुस्तक हातात देऊ नका. पहिलीची बालभारती घ्या, ई-बालभारतीवर फुकट मिळते. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन, आणि जोडाक्षरं रस्त्यावरच्या पाट्यांवरून. गणितात लाख-कोटींचे स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतात, ते एकदा बसून समजावून सांगा.

एवढं झालं की मग तुलना करा, आणि नीट करा, वहीत. दोन आठवडे, रोज पाच ओळी: काम कुठलं, तिकडे कोण करायचं, इकडे कोण करतं, किती मिनिटं, किती खेपा. तिकडे बर्फ उपसणं, मुलांना प्रत्येक क्लासला नेणं-आणणं, संडास धुणं हे सगळं तुम्हीच करत होतात. स्वतः करत होतात म्हणून ते 'त्रास' या रकान्यात कधी गेलंच नाही. इकडचा त्रास दुसऱ्याच्या हातून होतो, म्हणून लक्षात राहतो. काही ओळी मात्र तिकडच्याच बाजूला पडतील: सलग चालता येईल असा फुटपाथ, हवा, रात्रीची शांतता, रांगेत मागच्याने न ढकलणं. तिथे 'आपल्याकडे माणसं असतात हो' वगैरे सांगून मनाची समजूत घालू नका. ते तिकडे चांगलं होतं, आणि ते तुम्ही सोडून आलात.

आता सासूबाई. त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, कारण तो प्रश्न नव्हता. आठ महिने तुम्ही ज्याला नावं ठेवताय ते त्यांचं घर आहे, त्यांची सोसायटी आहे, त्यांनी इतकी वर्षं चालवून दाखवलेला संसार आहे. तुम्ही प्लंबरबद्दल बोलत होतात, त्यांना ते स्वतःबद्दल वाटलं. माफीचं भाषणही नको. उद्या दुपारी खाली जा आणि 'आई, गुरुवारी पाणी नसलं की तुम्ही आदल्या रात्री काय काय भरून ठेवता?' असं विचारा. वही सोबत असू द्या. कोणत्या पिंपात पिण्याचं, कोणत्यात वापरायचं, वरची टाकी भरली की आवाज कसा बदलतो, कुठला प्लंबर खरंच येतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा त्याच चांगलं सांगतील. निघताना गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, तेवढंही विचारून घ्या. प्रेशर पंपवाला आला की ती लागेलच.